देगूची सरकारी शाळा की इल्सानचं हागवॉन? (प्रश्न गाण्याचाही आहे)

रेवती_डब्लिन

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

दहावीपर्यंत ठाण्यात शिकले, पुढचं सगळं डब्लिनला. पासपोर्ट आयरिश. इंग्रजीत पदवी आहे, वर इंग्रजी शिकवण्याचा १२० तासांचा टेफलचा कोर्स केलाय, आणि ऑगस्टअखेरीला दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जायचं जवळजवळ नक्की झालंय. पदवीचं अपोस्टील झालं, पोलिसांचा दाखला आला. आता घोडं अडलंय ते दोन नोकऱ्यांतली कुठली घ्यायची यावर.

एक आहे देगू शहरातली सरकारी प्राथमिक शाळा, ‘एपिक’ या सरकारी योजनेतून. सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार, आठवड्याला २२ तास शिकवायचं, उरलेला वेळ शाळेतच बसून तयारी. दुसरी सोलला लागून असलेल्या इल्सानमधल्या खासगी क्लासची, म्हणजे हागवॉनची. दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. पगार सरकारीपेक्षा महिना ३ लाख वॉनने जास्त. राहायला खोली दोन्हीकडे मिळतेय.

घरच्यांचं मत सरळ आहे: जास्त पैसे, शिवाय राजधानी हाकेच्या अंतरावर, त्यात विचार कसला करायचा?

माझा जीव गाण्यात आहे. गांधर्वच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत दिल्यात, आणि इथे गिटार घेऊन पबमधल्या ओपन माइकला नेमाने जाते. कोरियातलं गाणं म्हटलं की जो तो के-पॉपचंच बोलतो. स्टेडियममधल्या त्या लखलखाटात मला रस नाही. पन्नास-साठ माणसं मावतील अशा खोलीत, वाजवणाऱ्याची बोटं दिसतील इतक्या जवळून ऐकायचंय. जमलं तर गायचंय. असं तिथे काही असतं का? शाळेत राबून त्याला वेळ उरतो का? परदेशी शिक्षक तिथे बँडमध्ये वाजवतात म्हणे, ते चालतं का? आणि सावळ्या रंगावरून काही भोगावं लागतं का, तेही मोकळेपणाने सांगा.

चाळीतला_चिवडा

आमची नववीतली कन्या खांद्यावरून वाचतेय. तिचा निरोप: “त्या ताईंना म्हणावं, बीटीएसवाल्यांच्या बिल्डिंगमध्येच खोली बघा.” माझ्याकडून एवढीच भर. जाणकार येतीलच, खुर्ची टाकून बसलोय.

मिरजकर_बुचॉन

रेवती, देगू घे.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझ्या सल्ल्याला किती भाव द्यायचा ते तुला ठरवता येईल. मूळचा मिरजेचा, घर सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी. पुढे ऑकलंडला गेलो, तिथला नागरिक झालो आणि २०११ साली इकडे शिकवायला आलो. पहिली काही वर्षं देगूतल्याच सरकारी शाळेत काढली. आता सोल आणि इंचॉनच्या मधल्या बुचॉनला राहतो, बायको इथलीच आहे. बास गिटार वाजवतो. बँडमध्ये आम्ही तिघे मास्तर आणि एक दातांचा डॉक्टर. चौघांत त्यातल्या त्यात बरा वाजवणारा तो डॉक्टरच.

तू नकाशा बघून विचार करतेयस, घड्याळ बघून कर. इथले लहान क्लब रात्री उशिरा जागे होत नाहीत. आठवड्यातल्या दिवशी कार्यक्रम साडेसात-आठला लागतो, शनिवार-रविवारी तर चक्क सहाला. मेट्रो बाराच्या सुमारास बंद होते, त्यामुळे वाजवणारे आणि ऐकणारे सगळेच दहा-साडेदहाला आवरतं घेतात. हागवॉनमध्ये तू नेमकी त्या वेळी सातवीच्या पोरांना पास्ट परफेक्ट शिकवत असशील. सोल आणि ग्योंगी प्रांतात (इल्सान त्यातच येतं) हागवॉननी रात्री दहाला दिवे मालवायचे असा नियम आहे, पण तो पोरांना झोप मिळावी म्हणून. आपल्या गाण्याची काळजी त्यात कुणी केलेली नाही.

हिशेबच मांडून दाखवतो. सोलमधल्या होंगिक विद्यापीठाच्या आसपासचा भाग म्हणजे होंगदे. तिथे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी ‘लाइव्ह क्लब डे’ असतो, २०१५ पासून, मधे कोरोनात खंड पडला तेवढा सोडून. एक तिकीट काढायचं, मनगटाला पट्टी बांधून घ्यायची आणि त्या रात्री परिसरातल्या बऱ्याच क्लबांत पाहिजे तसं आत-बाहेर करायचं. इल्सानहून होंगदेला ग्योंगुई-जुंगांग लाइनची थेट गाडी आहे, अर्धा-पाऊण तास. पण साडेनऊला वर्ग सुटला तर तू पोचणार सव्वादहाला, म्हणजे लोक कोट शोधायला लागतात तेव्हा. आता देगू घे. शाळेतून साडेचारला निघालीस, दोंगदेगू स्टेशनवर साडेपाचच्या आसपासची केटीएक्स ही वेगवान गाडी धरलीस, की पावणेदोन-दोन तासांत सोल स्टेशन. तिथून विमानतळाच्या रेल्वेने दुसरं स्टेशन होंगदे. आठच्या आत तू दारात. अडीच-तीनशे किलोमीटरवरून येऊन इल्सानवालीच्या दोन तास आधी! तिकीट ४३,५०० वॉनच्या घरात, महिन्यातून एकदा परवडतं. परतीची गाडी मिळणार नाही असं धरूनच चाल. जिमजिलबांगमध्ये, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात, गरम फरशीवर आडवं व्हायचं आणि सकाळच्या गाडीने परत. वरचे ३ लाख वॉन म्हणजे तुझ्या युरोत दोनशेच्या आतले. त्यासाठी रोजची संध्याकाळ विकायची का, ते तू बघ.

शाळेचं म्हणशील तर काम अंगावर येत नाही, रिकामपण येतं. दारात बूट काढून शाळेतल्या चपला घालायच्या. पोरं “स्सेम, स्सेम” (म्हणजे आपलं ‘सर, टीचर’) करत मागे लागतात. वर्गात तुझ्याबरोबर एक कोरियन शिक्षिका असेल, आणि तुझं वर्ष कसं जाणार हे मुख्याध्यापकापेक्षा तिच्यावर ठरेल. तिच्याशी पहिल्या आठवड्यापासून गोडीत राहा. सुटीत पोरं येत नाहीत, तू मात्र बऱ्याच दिवशी हजर. रिकाम्या शाळेत हीटर लावून खुर्ची गरम करत बसायचं. मी त्या दिवसांत अँपला न जोडता बासचा रियाज करायचो, शिपाईमामांखेरीज ऐकायला कुणी नाही.

नोव्हेंबरात कॉलेजप्रवेशाची सुनुंग परीक्षा असते. त्यातली इंग्रजीची श्रवणचाचणी चालू असताना ३५ मिनिटं देशभर एकही विमान उडत नाही की उतरत नाही. जी हवेत असतात ती वरच घिरट्या घालतात. हे एकदा बघितलं की इथले आईबाप क्लासांवर पैसे का ओततात ते कळतं, आणि आपली चूल कशाच्या जिवावर पेटते तेही.

आणि हो, शाळेच्या स्टाफचं जेवण म्हणजे होएशिक, त्यानंतर मिरवणूक नोरेबांगला जाते, माईक घेऊन कराओके गायच्या खोल्यांत. तुझी मध्यमा पूर्ण झालीय हे तिथे कुणाला कळू देऊ नकोस. नाहीतर असशील तितकी वर्षं पहिला माईक तुझ्याच हातात.

आता तुझ्या पन्नास माणसांच्या खोलीकडे येऊ. १९९४ साली होंगदेत ‘ड्रग’ नावाचा क्लब निघाला, तिथून क्राइंग नट, नो ब्रेन ही पंक मंडळी वर आली. गंमत म्हणजे असल्या जागांची नोंद साधं उपाहारगृह म्हणून व्हायची, आणि उपाहारगृहात बँड वाजवणं कायद्याला मंजूर नव्हतं. म्हणजे तिथलं गाणं बरीच वर्षं चोरीचा मामला होता. १९९९ साली कायदा सैल झाला. मग तरुण पोरं लोटली, त्यांच्यामागे कॉफीवाले आणि कपडेवाले आले, भाडी चढली, आणि ज्या क्लबांनी त्या गल्ल्यांना नाव मिळवून दिलं त्यांच्यावरच गाशा गुंडाळायची पाळी आली. कुणी सांगसू-हापजोंगकडे सरकलं, कुणी मांगवॉनला, कुणी नदीपलीकडे मुल्ले-दोंगला.

मुल्लेला मात्र जाच. लोखंड कापायच्या वर्कशॉपांची वस्ती आहे ती. दुपारी गेलीस तर ग्राइंडरच्या ठिणग्या चुकवत चालावं लागतं, सहानंतर शटर खाली, आणि दोन शटरांच्या मधून एखादा जिना तळघरात उतरतो. आत जायला वीस-पंचवीस हजार वॉन, कधी त्यात एक बिअर. भिंतीशी सगळ्यांच्या बॅगा आणि कोटांचा ढीग. कुणी लक्ष ठेवत नाही, काही जातही नाही. एका रात्रीत तीन-चार बँड, प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास. ड्रमर आपापल्या झांजा पाठीवरच्या गोल पिशवीतून घेऊन येतो, मधल्या दहा मिनिटांत चाव्या पिळून बसवतो, वाजवून झालं की पुन्हा उतरवतो. आणि आताच घसा फोडून ओरडलेला गायक जिन्याशी टेबल मांडून सीडी विकतो, सुटे मोजून देतो, दोन्ही हातांनी. गर्दी एरवी शहाण्यासारखी ऐकते, पण ओळखीचं गाणं लागलं की अख्खी खोली पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गाते. गिटारचे तुकडेसुद्धा तोंडाने.

जांबिनाई कुठे वाजवणार असतील तर शाळा बुडवूनही जा (हे एपिकवाल्यांना सांगू नकोस). इथली पारंपरिक वाद्यं, म्हणजे गमुंगो ही आडवी तंतुवाद्याची जात, हेगुम हे गजाने वाजवायचं दोन तारांचं, आणि पिरी ही फुंकून वाजवायची, ही घेऊन ते जे काही करतात त्याने छातीचा पिंजरा हलतो. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकच्या समारोपाला त्यांना बोलावलं होतं.

देगूतही अगदीच वाळवंट नाही. २०१७ साली युनेस्कोने त्याला संगीताचं शहर ठरवलंय. ऑपेरा हाउस आहे, कॉन्सर्ट हाउस आहे. पण तुझ्या कामाचं म्हणजे धातूफोड मेटलवाल्यांचा जुना ‘क्लब हेवी’, आणि देबोंग-दोंगमधली किम ग्वांगसॉकची गल्ली. हा गायक तिथलाच, १९६४ चा जन्म. गिटार आणि माउथऑर्गन घेऊन गायचा. सोलमध्ये देहांगनोच्या हाकजॉन या छोट्या नाट्यगृहात वगैरे गात त्याने १९९५ पर्यंत हजार कार्यक्रम केले आणि १९९६ च्या जानेवारीत गेला, बत्तिशीही गाठली नव्हती. आता त्या गल्लीत त्याचा गिटार घेऊन बसलेला पुतळा आहे, भिंतींवर चित्रं आहेत, स्पीकरवर त्याचीच गाणी. पर्यटकांचा बाजार झालाय थोडा, माझं काही फार मन रमत नाही तिथे. पण शनिवार-रविवारी कोवळी पोरं रस्त्यावर गिटार घेऊन त्याचीच गाणी गातात, तेव्हा थांबायला होतं. हाकजॉन मार्च २०२४ मध्ये बंद झालं. ते चालवणारे किम मिन-गी त्याच वर्षी जुलैत गेले.

व्हिसाचं शेवटी सांगतोय, पण हे सगळ्यात आधी डोक्यात ठेव. तुला मिळणार तो ई-२, म्हणजे फक्त त्या नोकरीपुरता. वाजवून पैसे घेणं त्यात बसत नाही, त्यासाठी इमिग्रेशनची वेगळी परवानगी किंवा कलाकारांचा ई-६ लागतो. फुकट, हौसेखातर गाणं वेगळं. पण तिकिटातला हिस्सा, मानधन, टोपी फिरवणं, कशालाच हात लावू नकोस. दंड होतो, प्रकरण वाढलं तर देशाबाहेर काढतात. खासगी शिकवण्यांचंही तेच. आमच्या बँडमध्ये दरवाज्यावरचे पैसे डॉक्टर घेतो. तो कोरियन आहे, त्याला कोण विचारतंय? उरलेले आम्ही तिघे त्याच्या पैशाने कोंबडी खातो.

लेस्टरची_सून

मिरजकरांनी हागवॉनला फारच धोपटलंय, म्हणून दुसऱ्या बाजूने चार शब्द. मी ब्रिटिश पासपोर्टवर जाऊन दोन हागवॉनमध्ये शिकवलं. दुसरं उत्तम होतं. पहिल्याचं नाव घेत नाही, पण त्याने काय केलं ते सांगते.

कोरियात वर्ष पूर्ण केलं की साधारण महिन्याच्या पगाराएवढी रक्कम नोकरी सोडताना द्यावी लागते, कायदाच आहे तसा. त्यामुळे काही मालकांना अकराव्या महिन्यात अचानक तुमच्या शिकवण्यात खोट दिसायला लागते. मला तशी दिसली. घर त्यांचं, व्हिसा त्यांच्या नोकरीला बांधलेला, त्यामुळे दोन्ही एकदमच हातातून जातात. तेव्हा रेवती, हागवॉन घेणार असशील तर तिथे आत्ता काम करणाऱ्या परदेशी शिक्षकाशी बोलल्याशिवाय सही करू नकोस. बोलू देत नसतील तर उत्तर मिळालंच.

रंगाचं विचारलंस. हो, होतं. अर्जाबरोबर फोटो मागतात. माझा फोटो गेल्यावर काही ठिकाणची उत्तरंच बंद झाली. एका पालकांनी मॅनेजरला विचारलं होतं, ही नक्की इंग्लंडचीच का. पोरांनी असलं काही कधी केलं नाही. त्यांना माझ्या केसांच्या लांबीचं अप्रूप. सरकारी योजनेत निवड आधीच झालेली असते, त्यामुळे तुला हा जाच पुष्कळ कमी होईल.

आता हागवॉनची चांगली बाजू: सकाळ तुमची असते. मी आमच्या वॉर्ड ऑफिसच्या केंद्रात सकाळी जांगू शिकले, तो मधे बारीक असलेला दोन तोंडांचा ढोल. फी नाममात्र, आणि वर्गात माझ्याखेरीज सगळ्या साठी उलटलेल्या आज्या. लग्नाआधी पुण्यात पथकात ताशा वाजवला होता, त्यामुळे मनगट तयार होतं, पण यांचा ठेका तीन-तीनचा, झुलता. आपली सवय सरळ चालीची. आजी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला श्वासाबरोबर वरखाली करायच्या, तेव्हा कुठे तो अंगात शिरला. चांद्रवर्षातल्या पहिल्या पौर्णिमेला आम्ही बाजारातून वाजवत गेलो: पुढे क्वेंगवारी ही कानठळ्या बसवणारी छोटी थाळी, मागे जिंग नावाची मोठी घंटा, जांगू आणि बुक नावाचा दुसरा ढोल. दुकानदार बाहेर येऊन तांदळाची दारू पाजतात. त्या सकाळी मला क्लबबिब काही आठवलं नाही.

सांगायचा मुद्दा, संध्याकाळ गेली म्हणून संगीत गेलं असं नाही.

मिरजकर_बुचॉन

@लेस्टरची_सून, मान्य. पण त्या आज्या मिळायला नशीब लागतं. आमच्या केंद्रात सकाळी योगा आणि मोबाइल कसा वापरावा एवढंच आहे.

वडगावचा_विशाल

मस्त धागा. आमच्या भारतीय पासपोर्टवर हे जमतं का? बी.ए. इंग्रजी, बी.एड., सात वर्षं शाळेत शिकवतोय. तळेगाव-रांजणगाव पट्ट्यात कोरियन कुटुंबं बरीच, त्यांच्या दोन मुलांना इंग्रजी शिकवलंय, म्हणून डोक्यात किडा आलाय.

सुवोनची_सुमेधा

विशाल, ई-२ साठी मुख्य यादी सात देशांची: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी कोरियाचा जो व्यापार करार २०१० पासून लागू आहे, त्यात भारतीयांसाठी एक खिडकी ठेवलीय: शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक. पदवी आणि शिक्षक म्हणून मान्यतापत्र दोन्ही हवं, ते तुमच्याकडे आहे. हागवॉन त्यात बसत नाहीत. कागदावर दार उघडं आहे, प्रत्यक्षात त्या दारातून आलेलं माणूस मी इथल्या आपल्या लोकांत पाहिलेलं नाही. आम्ही सगळे कंपन्यांचे नाहीतर विद्यापीठांचे. एजंटला पैसे देऊ नका, वकिलातीला सरळ विचारा.

रेवती_डब्लिन

बाप रे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. मिरजकरदादा, आठ आणि सव्वादहाचं गणित घरी वाचून दाखवलं, सगळे गप्प.

आणखी दोन शंका. गिटार इथून न्यावी की तिथे घ्यावी? आणि ओपन माइकला मी कधीकधी इंग्रजी गाण्यांच्या मधे एखादी बंदिश गाते, गिटारवर नुसता षड्ज-पंचम धरून. डब्लिनमध्ये लोक कौतुकाने ऐकतात, पण ते कौतुक “वा, काय वेगळं आहे” अशा धाटणीचं. तिथे कोण ऐकणार?

मिरजकर_बुचॉन

गिटार आणू नकोस. देगूचा उन्हाळा दमट आणि भाजणारा, लोक त्याला देफ्रिका, म्हणजे देगू अधिक आफ्रिका, म्हणतात (नागपूरकरांनी हसू नये), आणि हिवाळ्यात जमिनीखालून तापवलेल्या खोल्यांमध्ये हवा अशी कोरडी होते की लाकूड तडकतं. इथे साधी घे, तडकली तरी जीव जळणार नाही. सोलला आलीस की जोंगनोमधल्या नागवॉन सांग्गात जा. साठच्या दशकाच्या अखेरीस बांधलेली इमारत, खालून रस्ता जातो, वर मजलेच्या मजले वाद्यांची दुकानं. दर्शनी दुकानांत पोरं इलेक्ट्रिक गिटारी छेडत असतात. तिथे वेळ घालवू नकोस. आतल्या बोळात दुरुस्तीवाले बसतात. एकाने माझ्या बासच्या मानेवर नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाला, तिसऱ्या पडद्यापाशी उठलीय. मी आमच्या गल्लीत तंबोऱ्याचा भोपळा ठोकून बघणारे कारागीर बघत वाढलोय, त्यामुळे या लोकांसमोर मी तोंड उघडत नाही. तो म्हणेल तेवढे पैसे देतो.

बंदिशीचं. ओपन माइकला एकेकाला दोन-तीन गाणी मिळतात, त्यामुळे छोटा ख्याल म्हण, विलंबिताच्या भानगडीत पडू नकोस. परदेशी मास्तरांच्या बारमध्ये तुला डब्लिनचंच कौतुक मिळेल. सोलच्या हेबांगछोनमध्ये, जुन्या अमेरिकन लष्करी तळाच्या शेजारच्या त्या चढावर, पूर्वी वर्षातून दोनदा आम्हा हौशी मंडळींचा उत्सव भरायचा, प्रत्येक बारमध्ये एकेक बँड. मजा यायची. पण खरं सांगू? बरेचसे आम्ही एकमेकांनाच ऐकवत होतो. मंचावर टॉम, खाली त्याच्या शाळेतले डिक आणि हॅरी. तेवढ्यावर राहिलीस तर कोरियात राहून कोरिया ऐकायचा राहील.

तुझ्यासारखीने पान्सोरी ऐकावी. एक गाणारी, एक बुकवाला, बस. चटई अंथरलेली, तिच्या हातात पंखा, आणि ती एकटी अख्खी कथा उभी करते. गाते, मधेच बोलते, पात्रं बदलते. सोलच्या राष्ट्रीय नाट्यगृहात १९८४ पासून शनिवारी पूर्ण कथेचे कार्यक्रम लावतात, कथेप्रमाणे तीन तासही चालतात, आठही. आवाज मुद्दाम खरवडून, रापवून घेतलेला असतो. आपल्या कानाला पहिली पंधरा मिनिटं वाटतं, हिचा घसा बसलाय. अर्ध्या तासाने तो खरखरीतपणाच हवासा वाटायला लागतो, आणि मग गोड आवाज ऐकला की काहीतरी कमी पडल्यासारखं होतं.

आणि तिथे ऐकणारा गप्प बसत नाही. बुकवाला आणि श्रोते ओळीच्या शेवटी “ओल्सिगू!”, “जोथा!” असं ओरडतात, त्याला छुइमसे म्हणतात. आपल्याकडे समेवर जशी दाद जाते तशीच, फक्त इथे ती जागेवर पडली नाही तर गाणारीचा तोल जातो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांकडे बघून तोंड उघडायचो. पुढे कधीतरी त्यांच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं. त्यांनी वळून बघितलं, मान हलवली, आणि पिशवीतलं संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात दिलं.

असल्या लोकांसमोर बंदिश म्हण. जोन्जूच्या बाजूला गाण्याच्या शिकवण्या आहेत, देगूहून बसने जाता येतं. तिथल्या बाईंनी मला एकदा गा म्हटलं, मी बासवाला, काय गाणार? शाळेतली प्रार्थना म्हटली. तू गेलीस तर माझी अब्रू भरून काढ.

बाकी ऑगस्टात इंचॉनला पेंटापोर्ट असतो, २००६ पासून चालू आहे. तू तेव्हा पोचलेली नसशील, आणि पोचलीस तरी गमबूट घेऊन जा. १९९९ ला ट्रायपोर्ट नावाने पहिल्यांदा घाट घातला तेव्हा पावसाने दुसरा दिवसच धुवून नेला होता. पण ऑक्टोबरात गाप्योंगला जारासोमचा जॅझ उत्सव असतो, बुखान नदीतल्या बेटावर, २००४ पासून. सोलच्या योंगसान किंवा छोंग्न्यांगनीहून छोंगछुन गाडी जाते, तासाभराचा प्रवास. चटई, जाड स्वेटर आणि खायचं बरोबर ने. सूर्य गेला की नदीवरचा गारठा हाडात शिरतो. तिकीट काढताना साइट इथल्या मोबाइल नंबरची पडताळणी मागते, तुझं ओळखपत्र तोवर आलेलं नसेल. तेव्हा व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, तुझं तिकीट आमच्याबरोबरच काढतो.

चाळीतला_चिवडा

मिरजकर, बँडचं नाव काय हो?

मिरजकर_बुचॉन

नाही सांगणार. तुम्ही यूट्यूबवर शोधाल.